या, बसा, धोरण वाचा

फुकट काम करायला आपण होऊन आलेल्या माणसाला हाकलून लावणं वाटतं तितकं सोपं नाही. पगारी माणसाला घालवायचं तर नोटीस द्यावी लागते, हिशेब करावा लागतो, आणि एवढं करूनही तो जायला तयार नसतो, कारण त्याच्या गाडीचा हप्ता चालू असतो. स्वयंसेवकाचा कसला हप्ता? तो रात्री जेवणखाण आटोपल्यावर, घरच्यांची नजर चुकवून, समाजासाठी काहीतरी करावं म्हणून मोबाइल उघडतो. या कामासाठी तो मोबाइल त्यानं पुन्हा कधीच उघडू नये, एवढी व्यवस्था करण्याची विद्या इंटरनेटवरच्या स्वयंसेवी मंडळींनी साध्य केलेली आहे. त्यात शिवीगाळ नाही, भांडण नाही. दोन शब्दांत काम होतं : "धोरण वाचा."

आमच्या खटाव तालुक्यातल्या वडूजमध्ये ही विद्या अजून नीट पोचलेली नाही. इथं गणपती मंडळात नवं पोरगं आलं तर त्याच्या हातात कुणी मंडळाची घटना ठेवत नाही. "खुर्च्या उचल" म्हणतात. ते उचलतं. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पावतीपुस्तक येतं, त्याच्या पुढच्या वर्षी ते दुसऱ्या पोराला "खुर्च्या उचल" म्हणतं, आणि मंडळ चालू राहतं. घटना कुठं ठेवली आहे हे अध्यक्षांनाही सांगता येत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून पत्र आलं की शोधाशोध होते.

हीच माणसं ऑनलाइन गेली की त्यांच्यात काय संचारतं कळत नाही. गावातल्या जुन्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा संग्रह करायचा म्हणून कुणीतरी एक व्हॉट्सॲप गट काढला. हेतू उत्तम. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळायची भट्टी कुठं तमिळनाडूत, कुठं केरळात, कुठं बिहारात. अशा लांबच्या एका गाववाल्यानं गटात आल्याआल्या लिहिलं, "नमस्कार मंडळी, मी फोटो साफ करून द्यायचं काम करीन, मला ते येतं." त्यावर जोडलेल्या हातांची एवढी चित्रं आली की त्याचा मूळ निरोप कुठल्या कुठं वर गेला. मग एकानं दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाचा केक टाकला. दुसऱ्या दिवशी गड्यानं परत विचारलं, "मग फोटो कुणाकडून घेऊ?" उत्तर आलं, "आधीचे मेसेज वाचा." आधीचे मेसेज म्हणजे सहा महिन्यांचे सुप्रभात. बिचारा वाचत बसला असावा, कारण त्यानंतर त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही. गटात तो अजून आहे. निघून जाण्यात वाईटपणा येतो, म्हणून आपल्याकडे माणूस गट सोडत नाही, फक्त आवाज बंद करतो.

ज्ञान गोळा करण्याच्या कामाचं आमच्या सातारा जिल्ह्याला वावडं नाही. मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं ते वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली. पहिला खंड १९७६ चा, विसावा पुरा झाला २०१५ मध्ये. त्या कामात नवखा माणूस हा प्रकारच नव्हता. विषय ठरलेला, लेखक ठरलेला, वाईहून पत्र यायचं आणि पत्र आलं की लेखकाच्या घरात त्याचा मान वाढायचा. वडूजच्या स्टँडवरून उठून कुणी एसटीनं थेट वाईला गेला असता आणि म्हणाला असता, "मला येरळा नदीवर लिहायचंय," तर त्याला चहा नक्की मिळाला असता. येरळा मिळाली नसती. यात कुणाचा अपमानही झाला नसता, कारण दार कुठं आहे आणि ते कुणासाठी आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

इंटरनेटवाल्यांनी आधी हाच घाट घातला होता. विकिपीडियाच्या आधी २००० साली न्यूपीडिया नावाचा कोश निघाला. लेख लिहायचे पंडितांनी, आणि प्रत्येक लेखाची तपासणी सात पायऱ्यांनी व्हायची. पहिल्या वर्षात जेमतेम वीस-एकवीस लेख पायऱ्या चढून वर पोचले. मग १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला. पायऱ्या काढून टाकल्या, दार उघडं टाकलं, ज्याला वाटेल त्यानं लिहावं, चुकेल ते दुसऱ्यानं सुधारावं. वर्षभरात लेख हजारोंनी झाले. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाही उभा राहिला. त्याचा थाटही गावासारखा. चर्चेच्या जागेला चावडी म्हणतात, लिहून पाहायच्या जागेला धूळपाटी, आणि न थकता तीच ती कामं करणाऱ्या संगणकी गड्याला सांगकाम्या. चावडी म्हटल्यावर आमच्या लोकांना तलाठी आठवतो आणि ते बिचकतात, ही गोष्ट वेगळी.

उघड्या दाराची गंमत अशी, की ते उघडं आहे हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि आत गेल्यावर उंबरा लागतो. पाटी सगळे वाचतात, उंबरा ज्याचा त्याला लागतो.

माझ्या भाच्याचं सांगतो. पोरगं इंजिनिअर, पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार वडूजला. जुनी मराठी पुस्तकं टंकून, तपासून सगळ्यांना खुली करून देणारी एक ऑनलाइन मंडळी आहे, तिच्यात गेलं. मंडळीचं नाव मी घेत नाही. काम चांगलं करतात, आणि नाव घेतलं तर पुरावा मागतील. भाच्यानं पहिल्याच रात्री शंभर वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाचं एक पान उचललं आणि मान मोडेपर्यंत टंकलं. टंकता टंकता त्याच्या लक्षात आलं, की छापणाऱ्यानं वेंधळेपणा केलाय. जिथं तिथं नको ते अनुस्वार दिलेत. 'घरांत', 'नांव', 'कांहीं'. पोरानं एकेक ठिपका वेचून काढला, जोंधळ्यातले खडे निवडावेत तसा. पान स्वच्छ झालं. समाधानानं झोपलं.

आता शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले, उच्चार न होणारे अनुस्वार तेव्हा गेले, आणि त्याआधीच्या पुस्तकात ते असणारच, हे त्याला कोण सांगणार? शाळेत त्याला ठिपका दिला तर मार्क कापत होते. शाळेनं शिकवलं ते त्यानं केलं.

सकाळी उठून पाहतो तो पान पूर्ववत. खाली चार निरोप. पहिला : "मूळ प्रतीशी छेडछाड करू नये." दुसरा : "सूचना क्र. ४.२ पाहा." तिसऱ्यानं दुसऱ्याला लिहिलं होतं, की ४.२ आता रद्द झाली असून ४.३ पाहावी. चौथ्यानं तिसऱ्याला विचारलं होतं, की हा बदल चर्चेशिवाय कसा झाला. पुढचे दोन दिवस त्या दोघांची तिथं जुंपली. माझ्या भाच्याच्या पहिल्यावहिल्या पानाखाली दोन विद्वान माणसं एकमेकांना सविनय टोचत होती आणि ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो कोण, कुठला, यायला का लागला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. छेडछाड हा शब्द मात्र पोराच्या जिव्हारी लागला. "मामा," म्हणाला, "छेडछाडीची केस झाली माझ्यावर. लग्न व्हायचंय अजून."

काही दिवसांनी त्याच मंडळीतल्या एका वयस्क गृहस्थांचा निरोप आला. "तुम्ही ठिपके काढलेत, म्हणजे तुम्ही पान बारकाईनं वाचलंत. बहुतेक लोक वाचत नाहीत. जुन्या लेखनात ते असतात, ते ठेवायचे. पुढचं पान तुमच्यासाठी सोडून ठेवलंय, कठीण नाही. अडलं तर मला विचारा." खाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. भाचा आता त्या मंडळीत रमलाय. आम्हाला व्हॉट्सॲपवरही अनुस्वार देऊन लिहितो, हा त्यातला तोटा.

चारजण नियमानं बरोबर होते, हे मी मान्य करतो. पाचवाही तेच सांगत होता. फरक एवढाच, की चौघांनी चूक पाहिली आणि पाचव्यानं चुकीमागं बसलेला माणूस पाहिला. मला या विषयावर जे काही म्हणायचं आहे ते इतकंच आहे, पुढचा लेख लांबतोय तो उदाहरणांमुळे.

पहिल्या चुकीला कशी वागणूक मिळते त्यावर माणूस टिकतो की जातो हे ठरतं, हे माझं घरगुती अनुमान नाही. इंग्रजी विकिपीडियावर नियमानं काम करणाऱ्यांची संख्या २००७ पर्यंत चढत होती, मग उतरायला लागली. तिथल्या मंडळींना आधी वाटलं, नवी पिढीच वाया गेलेली, येतात ते टवाळकीच करतात. आपल्याकडेही पारावर हेच निदान होतं, त्याला संशोधन लागत नाही. संशोधक आरॉन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र आकडे काढून पाहिले आणि २०१३ मध्ये लिहिलं, की नव्या माणसांचा कस फारसा उतरलेला नाही. चांगल्या मनानं काम करणारे जसे पूर्वी येत होते तसे आताही येताहेत. बदललं ते स्वागत. टवाळखोरांचा बंदोबस्त करायला यंत्रं बसवली, सांगकामे नेमले, एका टिचकीत लिखाण उलटवून वर तयार इशारा चिकटवायची सोय केली. आणि त्या बंदोबस्तात चोरांबरोबर पाहुणेही दारातच अडकू लागले. ज्याचं पहिलं काम असं उलटतं, तो पुढं राहण्याची शक्यता कमी होते. एवढी साधी गोष्ट कळायला मोठे तक्ते मांडावे लागले. खटाव तालुक्यातल्या कुठल्याही सासूनं ती सांगितली असती. अर्थात पाळली नसती.

गंमत म्हणजे नवख्यांना चावू नका, अशा अर्थाची एक सूचना इंग्रजी विकिपीडियावर फार आधीपासून आहे. चावणाऱ्याला ती दाखवली, तर तो त्या सूचनेचा नेमका परिच्छेद सांगून पुन्हा चावतो.

जुन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण त्यांना कुणी शाल घालत नाही. मराठी विकिपीडियावर रोज नेमानं बसणारी माणसं मूठभर. दिवसा नोकरी, रात्री हे. आणि दारातून आत येणारा प्रत्येकजण काही माझ्या भाच्यासारखा ठिपके वेचणारा नसतो. आपल्याकडे एक साहित्यप्रकार आहे, त्याची दखल अजून एकाही समीक्षकानं घेतलेली नाही : फ्लेक्स. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या तालुक्यात जेवढं गद्य फ्लेक्सवर लिहिलं गेलं तेवढं कागदावर लिहिलं गेलेलं नाही. या गद्यात वाढलेलं पोरगं कोशात लिहायला बसलं, की पहिला लेख आपल्या चुलत्यावर लिहितं. "धडाडीचे युवा नेतृत्व, गोरगरिबांचे कैवारी, तालुक्याचे भाग्यविधाते, भावी आमदार." खाली जन्मतारीख असते आणि शुभेच्छुकांची यादी. गॉगल घातलेला फोटो. संदर्भ काय, तर तोच फ्लेक्स.

प्रचालकानं, म्हणजे पानं उडवायचा अधिकार असलेल्या जुन्या सदस्यानं, काय करावं? ठेवावं तर कोशाचा चौक होतो. काढावं तर पोराला वाटतं, दुसऱ्या पार्टीचा आहे. ते त्याच्या गावच्या गटात लिहितं, "विकिपीडियावर आपल्या साहेबांवर अन्याय." लगेच दहा पोरं जाऊन तेच पान दहा वेळा नव्यानं करतात. यातून गेलेल्या माणसाचा हात पुढच्या खेपेला आपसूक उडवायच्या बटणावर जातो, आणि पुढच्या खेपेला आलेलं पोरगं कदाचित येरळवाडीच्या तलावावर उतरणाऱ्या रोहितांबद्दल लिहायला आलेलं असतं. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, आमदार नव्हे. हा खुलासाही आधी करून ठेवायची वेळ आली आहे.

पण मला विचाराल तर त्या चुलत्याच्या पुतण्यालासुद्धा मी घालवणार नाही. विचार करा, त्यानं स्वतःच्या डोक्यानं खातं काढलं, मराठी टंकलं, फोटो चढवला, चौकट बसवली. आमच्या गावात हे चौघांना येत नाही. त्याच्याकडे कला आहे, विषय चुकलाय. त्याला म्हणावं, "गड्या, चुलते मोठे आहेत, पण त्यांच्यावर पेपरात कुणी तिऱ्हाइतानं लिहून येईपर्यंत आपण थांबू. तोवर तुझ्या गावच्या जत्रेवर लिही की. तिथं चुलत्यांनी पालखीला खांदा दिला असेल तर फोटोत येतीलच." निम्मी पोरं निघून जातील. उरलेल्या निम्म्यांतला एखादा दहा वर्षांनी प्रचालक होईल आणि दुसऱ्या पोरांच्या चुलत्यांना उडवील.

नव्या माणसाला कामाला कसं लावावं, हे शिकायला आमच्या लोकांना परदेशातले तक्ते लागले नाहीत, कारण आमच्याकडे पाऊस पडत नाही. खटाव-माण म्हणजे सातारा जिल्ह्यातला पर्जन्यछायेचा भाग. महाबळेश्वरात ढग रिकामे होतात आणि आमच्यावरून नुसते मिरवत जातात. २०१६ साली पाणी फाउंडेशननं वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा सुरू केली, त्या वर्षी शेजारचा कोरेगाव तालुका त्यात होता आणि वेळू गाव पहिलं आलं. शेजारचं गाव पहिलं आलं म्हटल्यावर आमच्या तालुक्याला झोप लागणं शक्यच नव्हतं. २०१७ मध्ये खटाव तालुक्यातल्या भोसरे गावानं दुसरा नंबर काढला. २०१८ मध्ये माणातलं टाकेवाडी पहिलं आलं. उन्हाळ्याच्या ऐन भरात पंचेचाळीस दिवस माणसं डोंगर खणत होती.

आता यातला ऑनलाइन भाग पाहा. २०१८ मध्ये शहरातल्या लोकांसाठी 'जलमित्र' म्हणून इंटरनेटवर नोंदणी काढली. या, एक दिवस गावात येऊन श्रमदान करा. १ मेला महाश्रमदान ठेवलं. पुण्या-मुंबईची माणसं खरोखर आली. टोप्या, गॉगल, अंगाला चोपडायचं मलम, पाठीवर पाण्याची नळीवाली पिशवी. एकीकडे ही फौज आणि दुसरीकडे पहाटेपासून खणणारी गावची माणसं. हे चित्र बिघडायला पुष्कळ वाव होता. आयटीतल्या माणसाला समतल चर म्हणजे काय ते माहीत नाही. उताराला आडवं खणायचं की उभं, हे त्याला कुठून कळणार? उभं खणलं तर पाणी अडायच्या ऐवजी माती घेऊन खाली पळणार. म्हणजे चूक होणार ती साधीसुधी नाही, ठिपक्यांपेक्षा कितीतरी महाग.

तरी कुणी त्यांना सूचना क्रमांक ४.२ वाचायला लावला नाही. गावच्या ज्या पोरापोरींनी प्रशिक्षण घेतलं होतं, त्यांनी आधीच डोंगरावर जाऊन, समपातळी काढून, फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. धोरण होतं, आणि कडक होतं. पण ते जमिनीवर पांढऱ्या रेघेत आखलेलं होतं. पाहुण्यानं दोन रेघांच्या मध्ये खणायचं, माती खालच्या अंगाला टाकायची. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नव्हतं. ज्याला खणणं जमेना त्याला घमेल्याच्या साखळीत उभं केलं. आपल्या उजवीकडच्यानं दिलेलं घमेलं डावीकडच्याला द्यायचं, एवढं तर एमबीए झालेल्या माणसालाही जमतं. शेजारी उभी असलेली म्हातारी पहिलं घमेलं हातात देतानाच "कुठलं रं तू? जेवलास का?" हे विचारून घ्यायची, आणि तिसऱ्या घमेल्याला त्याच्या आईची चौकशी झालेली असायची. कुदळ चुकीची धरली तर "आरं, पायावर घेशील, अशी धर" म्हणून हातातून घेऊन दाखवायची आणि परत त्याच्याच हातात द्यायची. कुदळ परत देणं, यात सगळं आलं. आमच्या ऑनलाइन मंडळींचं नेमकं इथंच अडतं. ते कुदळ काढून घेतात, स्वतः सुंदर खणतात, आणि पुढं आयुष्यभर तक्रार करतात की मीच एकटा खणतोय.

दोन-तीन तासांनी पाहुण्यांना थांबवून, केवढा चर झाला ते दाखवायचे. काम घनमीटरमध्ये मोजलं जायचं. आपल्या हातांनी एवढे घनमीटर माती हलवली, हे कळल्यावर त्या माणसानं हाताला आलेल्या फोडांचे फोटो काढून जगाला पाठवले. ऑफिसात त्यानं तीन वर्षं काय हलवलं, हे त्याला आजवर कुणी मोजून दाखवलं नव्हतं.

या सगळ्यात भाषण नव्हतं असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात माणसं जमली आणि भाषण झालं नाही असं होत नाही. पण भाषण खणून झाल्यावर झालं, आधी नाही. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

सत्काराचंही तसंच. आपल्याला वाटतं, शाल-श्रीफळ हा आपलाच खुळा नाद. जर्मन विकिपीडियावर याना गॅलस या संशोधिकेनं तो करून पाहिला. नव्यानं काम सुरू केलेल्या सुमारे चार हजार लोकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही माणसं निवडली आणि त्यांना एक बिनपैशाचा मानाचा बिल्ला दिला, नाव पानावर झळकलं, बस्स. पुढच्या महिन्यात कामावर टिकणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात वीस टक्क्यांनी जास्त निघालं. नारळसुद्धा द्यावा लागला नाही. आमच्याकडे हे ज्ञान पूर्वीपासून आहे, फक्त आम्ही ते उलट्या टोकानं वापरतो : माणूस निवृत्त झाला की सत्कार. ज्याला आता काहीच करायचं नाही त्याला प्रोत्साहन देण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

विकिपीडियावाल्यांनीही आता डोकं चालवलंय. नवख्यांनी बिनदिक्कत बावळट प्रश्न विचारावेत म्हणून इंग्रजीत २०१२ मध्ये चहाच्या दुकानाच्या नावाचा एक कट्टाच काढला. हल्ली अनेक भाषांच्या विकिपीडियांवर नव्या सदस्याला आल्याआल्या एक मार्गदर्शक नेमून देतात आणि पुढ्यात सोपी कामं ठेवतात : इथं दुवा द्या, तिथं चित्र लावा. म्हणजे शेवटी फिरून घमेलंच. एक गोष्ट मात्र अजून यंत्राला जमलेली नाही. सांगकाम्यानं चिकटवलेल्या स्वागतात सगळं असतं, नमस्कार असतो, मदतीचे दुवे असतात, विकिपीडियाच्या मूळ तत्त्वांचे पाच आधारस्तंभ असतात; फक्त "जेवलास का" नसतं. आणि माणूस स्वागत वाचून थांबत नाही. स्वागत सगळ्यांचंच होतं, हे त्याला कळतं. पहिली चूक झाल्यावर कोण काय बोललं, ते तो लक्षात ठेवतो.

तेव्हा वाचकहो, आता कामाचं बोलू. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांवरचे मराठी विकिपीडियातले लेख अजून दोन-चार ओळींचे आहेत. आपला तालुका काही रिकामा नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा निघाला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. औंधला पंतप्रतिनिधींचं संग्रहालय आहे. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. मायणीला पक्षी येतात. गलाईवाल्यांचा इतिहास तर त्यांच्या भट्ट्यांबरोबर देशभर विखुरलाय आणि तो सांगणारी म्हातारी माणसं आज आहेत. तुमच्या गावाचं पान उघडा आणि एक ओळ घाला. एकच. ती कुठं वाचली ते पुस्तक किंवा पेपरची तारीख खाली द्या. फोटो स्वतः काढलेला लावा, गूगलवरून उचललेला नको. चुलत्यांना थोडं थांबायला सांगा.

आणि त्या पानांवर जे आधीपासून बसलेले आहेत, रात्री जागून, कुणी न सांगता, त्यांनाही एक विनंती. खटावचं एखादं पोरगं येईल, चुकेल, बहुतेक पहिल्याच ओळीत चुकेल. चूक दुरुस्त करा, ती करायलाच हवी. मग त्याला पुढची ओळ लिहायला सांगा, आणि निरोपाखाली सही म्हणून स्वतःचं नाव लिहा.